दुबार गाणें कोणतें?

कोल्हापूरच्या दरबारांत इ. स. १८९५ मध्यें एक गवई चाकरीस राहिले. शाहू महाराजांच्या हातीं राज्यकारभार येऊन तेव्हां वर्षच झालें होतें. गवयांचें नांव अल्लादियाखां. महाराज इ. स. १९२२ मध्यें निवर्तले, तोंपर्यंत खांसाहेबांचें मुख्य वास्तव्य याच नगरींत होतें. आणि जयपूर-अत्रौली या नांवानें आज ओळखली जाणारी गायकी महाराष्ट्रांत रुजली ती त्यांच्यामुळें. त्यानंतरचें त्यांचें आयुष्य मुंबईस गेलें व तेथेंच १६ मार्च १९४६ रोजीं ते पैगंबरवासी झाले. या पन्नास वर्षांत ग्रामोफोन घरोघर पोंचला, नाटकांतलीं पदें गल्लीबोळांतून वाजूं लागलीं, बोलपट निघाले, रेडिओ सुरू झाला. तरीहि खांसाहेबांच्या आवाजाची एकहि ध्वनिमुद्रिका आज उपलब्ध नाहीं. त्यांचे नातू अजीजुद्दीनखां यांनीं आजोबांच्या तोंडून ऐकलेल्या आठवणी लिहून ठेविल्या, म्हणून त्यांचें चरित्र तरी कळतें. गाणें मात्र ऐकावयाचें तें केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, मल्लिकार्जुन मन्सूर अशा शिष्य-प्रशिष्यांच्या गळ्यांतून.

त्याच कोल्हापुरांत, आणि कोल्हापूरच कशाला, कोणत्याहि शहरांतील गाण्याच्या शौकिनाच्या घरीं आज नेमकी उलटी अडचण आहे. तळहातावर मावणाऱ्या एका हार्ड डिस्कमध्यें दहा-दहा हजार गाणीं सांठविलेलीं असतात आणि त्यांतील एकेक गाणें तीन-तीन, चार-चार वेळां येतें. एक जुन्या कॅसेटवरून उतरविलेलें, दुसरें कॉम्पॅक्ट डिस्कवरून घेतलेलें, तिसरें स्नेह्यानें आपल्या संग्रहांतून दिलेलें. यादी इतकी लांबते कीं, हवें तें गाणें सांपडेनासें होतें. मग एखाद्या रविवारीं घरचा मुलगा संगणकापुढें बसतो आणि म्हणतो, “बाबा, दुबार गाणीं काढून टाकूं का?” वडील मान हलवितात. काम साधें दिसतें. परंतु ‘दुबार’ म्हणजे काय याचा निवाडा केल्यावांचून तें करूं गेल्यास केराबरोबर सोनेंहि उंबऱ्याबाहेर जातें. हा निवाडा करावयाचा, तर गाण्याच्या प्रती मुळांत जन्मास कशा आल्या, याचा थोडा इतिहास पाहावा लागतो.

हिंदुस्थानांतील संगीताचें व्यापारी ध्वनिमुद्रण इ. स. १९०२ च्या नोव्हेंबरांत कलकत्त्यास सुरू झालें. ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यंत्रसामग्री घेऊन आले होते आणि गौहरजान यांचें गाणें त्यांनीं त्याच वेळीं मुद्रित केलें. त्या काळीं वीज या कामांत नव्हती. गाणाऱ्यानें एका मोठ्या भोंग्यांत तोंड घालून गावयाचें, आवाजाच्या धक्क्यानें पडदा हलावयाचा आणि त्याला जोडलेल्या टोंकानें फिरत्या मेणाच्या तबकडीवर रेघ कोरावयाची. त्या मेणावर धातूचा थर चढवून उलटा ठसा घेत, त्या ठशावरून छापण्याचे साचे करीत आणि त्या साच्यांत लाखेच्या तबकड्या दाबून काढीत. आरंभीं हें छपाईचें काम जर्मनींत हॅनोव्हर येथें होई, इ. स. १९०८ मध्यें कलकत्त्याजवळ सियालदा येथें कारखाना निघाला, तेव्हां तें येथें होऊं लागलें. लाख तर याच देशाची, पळस, बोर व कुसुंब या झाडांवरील किड्यांनीं दिलेली.

या कृतींत दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली ही कीं, गाणें घडतें तें एकदांच, मेणापुढें. पुढें हजार तबकड्या निघाल्या तरी त्या एकाच घटनेच्या छाया होत. दुसरी ही कीं, त्या घटनेला कारखान्यांत एक अंक मिळे आणि तो लेबलाजवळच्या गुळगुळीत कड्यांत कोरलेला असे. तोच साच्याचा अंक. लेबलावर छापलेला यादीचा अंक निराळा. तो दुकानदाराच्या सोयीचा. एखादें गाणें मनासारखें उतरलें नाहीं, तर गायकाला तें पुन्हां गावयास लावीत आणि दुसऱ्या खेपेची खूण साच्याच्या अंकाजवळ करीत. म्हणजे लेबल एक, नांव एक, गायक तोच. तथापि दोन खेपांच्या दोन तबकड्या बाजारांत आल्या असतील, तर तीं दोन गाणीं होत. एकींत तान सरळ उतरते, दुसरींत तीच तान वळसा घेते. दुबार कोणतें व कोणतें नव्हे याचें उत्तर कंपन्यांच्या जुन्या कारकुनांनीं त्या कड्यांतच लिहून ठेविलें आहे. दुर्दैव असें कीं, गाणें संगणकांत उतरवितांना हा अंक सहसा कोणी टिपून घेत नाहीं.

उलट, लेबलें दोन असून गाणें एकच असण्याचीं उदाहरणें तर कोल्हापूरच्या अगदीं शेजारीं आहेत. मिरजेस राहिलेले अब्दुल करीमखां यांनीं इ. स. १९०५ च्या सुमारास ग्रामोफोन कंपनीसाठीं गाऊन ठेविलें होतें. पुढें जवळजवळ तीस वर्षांनीं, आयुष्याच्या अखेरच्या काळांत, ते ओडियन कंपनीसाठीं गाइले. इ. स. १९३७ मध्यें ते मद्रास इलाख्यांत प्रवासांत वारले. ओडियनच्या त्या मुद्रणांपैकीं कित्येक पुढें कोलंबियाच्या शिक्क्यानेंहि विकलीं गेलीं. ज्याच्या संग्रहांत दोन्ही शिक्क्यांच्या तबकड्यांवरून उतरविलेलें गाणें असेल, त्याच्यापाशीं खरोखरच दुबार प्रत आहे. परंतु तरुण करीमखांचें १९०५ चें गाणें आणि उतारवयांतील करीमखांचें गाणें, दोहोंवर राग एकच लिहिलेला असला, तरी त्यांच्यामध्यें एका माणसाची तीस वर्षांची साधना आहे. तीं दोन एकत्र ठेवण्यांतच संग्रहाची शोभा.

तबकडीचें युग मावळल्यावर प्रती वाढत गेल्या. इ. स. १९४८ मध्यें अमेरिकेंत मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी निघाली आणि जुन्या तीन-तीन मिनिटांच्या मुद्रिका एकत्र करून तिच्यावर पुन्हां छापण्याचा प्रघात पडला. इ. स. १९६३ मध्यें कॅसेट आली; तिच्यावर घरच्या घरीं प्रत काढतां येऊं लागली. इ. स. १९८२ मध्यें कॉम्पॅक्ट डिस्क विक्रीस आली. पुढच्या दशकांत, ज्या ध्वनींचा कानाला पत्ता लागत नाहीं असे मानले, ते गाळून गाणें लहान करण्याची एमपी-थ्री ही पद्धति रूढ झाली. कॉम्पॅक्ट डिस्कवरील तीन मिनिटांच्या गाण्याला तीन कोटी सतरा लाखांहून अधिक बाइट जागा लागते. तेंच गाणें एमपी-थ्रीच्या नेहमींच्या सेकंदाला १२८ किलोबिट या मापानें सुमारें एकोणतीस लाखांत मावतें, म्हणजे अकराव्या हिश्शांत. जागेची अशी बचत झाल्यावर प्रत करण्याला कोणाचाच अटकाव उरला नाहीं. ‘उत्कृष्ट’, ‘अविस्मरणीय’, ‘निवडक’ अशा नांवांचे संच निघाले आणि तेंच गाणें प्रत्येक संचांत हजर झालें. आजच्या हार्ड डिस्कमधील गर्दी ही या शंभर वर्षांच्या पांच पिढ्यांची गर्दी आहे.

आतां ही गर्दी मोडावयाची कशी? पहिला आणि सर्वांत सोपा मार्ग नांवें जुळविण्याचा. पण नांवांइतका लबाड साक्षीदार दुसरा नाहीं. एका फाइलींत ‘बालगंधर्व’ लिहिलेलें असतें, दुसरींत ‘नारायणराव राजहंस’, माणूस तोच. कोठें ‘तोडी’, कोठें ‘टोडी’. कोठें ‘भूप’, कोठें ‘भूपाली’. संगणक बिचारा अक्षरें जुळवितो, म्हणून या जोड्या त्याच्या हातून निसटतात. याहून मोठा धोका उलट बाजूचा. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटेंच गाणें मावे. म्हणून ख्यालाचा पूर्वार्ध एका बाजूस आणि उत्तरार्ध दुसऱ्या बाजूस असे. उतरविणाऱ्यानें दोन्ही फाइलींना रागाचें एकच नांव दिलें असेल आणि लांबीहि जवळपास सारखीच असेल, तर नांवावरून निवड करणारा मनुष्य ख्यालाचें अर्धें अंग कापून टाकतो आणि आपण घर झाडलें असें समजतो.

नांव एक व गाणीं दोन याचा एक ठळक दाखला कोल्हापूरच्याच इतिहासांत आहे, तर गाणें एकसारखें व नांवें दोन याचाहि. इ. स. १९२९ मध्यें स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीनें पुण्यास जाण्यापूर्वीं कोल्हापुरांत काढलेला बोलपट ‘अयोध्येचा राजा’ इ. स. १९३२ मध्यें प्रसिद्ध झाला. दिग्दर्शन व्ही. शांताराम यांचें, संगीत गोविंदराव टेंबे यांचें, आणि हरिश्चंद्राची भूमिकाहि त्यांचीच, तारामती दुर्गाबाई खोटे. हाच बोलपट हिंदींतहि निघाला. त्या वेळीं गाणें अगोदर मुद्रित करून मागाहून ओंठ हलविण्याची सोय प्रचारांत नव्हती. नट कॅमेऱ्यापुढेंच गात. म्हणून मराठी व हिंदी हीं दोन रूपें म्हणजे भाषांतराची नुसती चकती बदललेली नव्हे, तीं दोन वेळां गाइलेलीं गाणीं आहेत. चाल ओळखणाऱ्याला तीं सारखीं वाटतील, शब्द ओळखणाऱ्याला निराळीं. इतिहासकाराला दोन्ही लागतात.

बालगंधर्वांचें उदाहरण आणखी निराळें. ते जुन्या भोंग्यापुढेंहि गाइले आणि पुढें विजेच्या मायक्रोफोनपुढेंहि. इ. स. १९२५ नंतर विजेचें ध्वनिमुद्रण आलें, तेव्हां नाजूक हरकती व मागची साथ पूर्वीपेक्षां पुष्कळ स्पष्ट उमटूं लागली. त्यांचें एकच पद दोन्ही काळांतील मिळालें, तर स्वच्छ तें ठेवावें व खरखरीचें टाकावें असा मोह होतो. परंतु खरखरीच्या मागें जो गळा असतो तो तरुण असतो. तो दुसऱ्या प्रतींत मिळत नाहीं.

नांवावर विसंबतां येत नाहीं, म्हणून संगणकशास्त्रानें दुसरे दोन मार्ग काढले. पहिला मार्ग गणिताचा. फाइलींतील सर्व बाइट एका सूत्रांतून काढले म्हणजे एक ठराविक लांबीचा सांकेतिक अंक मिळतो. इ. स. १९९१ मध्यें रॉन रिव्हेस्ट यांनीं रचलेली एमडी-फाइव्ह ही अशीच एक रीत. तिचें उत्तर बत्तीस चिन्हांचें असतें. दोन फाइलींचे अंक जुळले, तर त्या घरगुती व्यवहारापुरत्या एकच समजाव्यात. हिची थोरवी वेळेच्या बचतींत आहे. दहा हजार गाण्यांतील प्रत्येक गाणें उरलेल्या प्रत्येकाशीं ताडून पाहावयाचें म्हटलें, तर ४,९९,९५,००० जोड्या होतात. पण दहा हजार अंक क्रमानें लावले कीं सारखे अंक आपोआप शेजारीं येऊन बसतात. मात्र ही रीत अक्षरशः सारखें तेवढेंच सारखें मानते. फाइलीला चिकटविलेल्या माहितींत गायिकेच्या नांवाचा एक काना बदलला, तरी अंक पार बदलतो, गाणें जसेंच्या तसें असलें तरी.

दुसरा मार्ग कानाच्या अधिक जवळचा. गाण्याच्या प्रत्येक क्षणीं कोणते ध्वनी बलवान् आहेत, त्यांची मांडणी कशी बदलत जाते, याचा एक नकाशा काढावयाचा आणि नकाशे जुळवावयाचे. मनुष्याच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणें हा गाण्याचा ठसा. इ. स. २००२ मध्यें इंग्लंडांत सुरू झालेली शझाम ही सेवा याच तत्त्वावर, चहाच्या दुकानांत वाजणारें गाणें कोणतें तें सांगूं लागली. एमपी-थ्री असो वा कॉम्पॅक्ट डिस्क, थोडी खरखर असो वा नसो, ठसा बहुधा जुळतो. आजच्या दुबार शोधणाऱ्या चांगल्या योजनांत ही रीत असते, आणि नव्या गाण्यांपुरती ती पुष्कळ उपयोगी पडते.

जुन्या गाण्यांपाशीं मात्र तीहि अडखळते, आणि त्याचें कारण पुन्हां इतिहासांतच आहे. ‘अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांची तबकडी’ हें नांव सरसकट रूढ झालें, तरी आरंभींच्या सर्व तबकड्या मिनिटाला नेमक्या ७८ फेऱ्यांनींच मुद्रित झालेल्या नव्हत्या. कांहीं कमी, कांहीं अधिक. समजा, एक तबकडी एकानें ७८ फेऱ्यांनीं वाजवून उतरविली आणि दुसऱ्यानें तीच ७४ फेऱ्यांनीं. पहिल्याच्या घरीं गाणें तीन मिनिटांचें. दुसऱ्याच्या घरीं तें सुमारें दहा सेकंदांनीं लांबतें आणि स्वर जवळजवळ अर्ध्या सुरानें उतरतो. काळी एकची गायिका पांढरी एकमध्यें गाऊं लागते. यंत्राला हीं दोन गाणीं वाटतात. तबकडी मात्र एकच. येथें तंबोऱ्याशीं परिचय असलेला कानच कामास येतो. गायिकेचा नेहमींचा स्वर कोणता, हें ज्याला ठाऊक आहे, तो दोहोंपैकीं खरें कोणतें तेंहि सांगूं शकतो.

आरंभींच्या मुद्रिकांत आणखी एक गंमत असे. गाणें संपतांच गायक स्वतःचें नांव मोठ्यानें उच्चारी. दूरच्या कारखान्यांतील परक्या कामगारांना तबकडी कोणाची तें कळावें, असा त्याचा हेतु सांगितला जातो. पुढें पुनर्मुद्रण करणाऱ्यांनीं कित्येकदां हा उच्चार कापून टाकला. म्हणून जिच्यांत शेवटचे चार सेकंद अधिक आहेत, ती प्रत कदाचित् अधिक जुन्या घराण्याची. लांबींतला असा किरकोळ फरक टाकाऊ समजूं नये.

मग ठेवावें कोणतें आणि टाकावें कोणतें? या इतिहासावरून कांहीं नियम आपोआप निघतात. ज्यांचे सांकेतिक अंक तंतोतंत जुळतात, त्यांतील एक प्रत ठेवून बाकीच्या निःशंक काढाव्यात. ज्यांचा ठसा जुळतो पण अंक जुळत नाहीं, त्या ऐकून पाहाव्यात. आणि ऐकतांना आरंभ, शेवट व एखादी ठळक तान तेवढी ताडली तरी पुरे. दोन प्रतींत निवड करतांना फाइलीच्या आकारावर भुलूं नये. एकदां एमपी-थ्री करून लहान केलेलें गाणें पुन्हां मोठ्या फाइलींत ओतलें, तरी गाळलेले ध्वनी परत येत नाहींत. दुधांत घातलेलें पाणी पातेलें मोठें केल्यानें निघत नाहीं. खरखर पुसून गुळगुळीत केलेली प्रत ऐकावयास गोड असली, तरी पुसणारा खरखरीबरोबर आवाजाची धारहि घेऊन जातो. म्हणून ऐकण्यासाठीं ती ठेवावी आणि मूळ खरखरीची प्रत जपण्यासाठीं निराळी ठेवावी. ज्यांचें नुसतें नांव जुळतें, त्यांना तर हातहि लावूं नये. आणि जें काढावयाचें तें तत्काळ नष्ट न करितां कांहीं महिने बाजूच्या कप्प्यांत असूं द्यावें. कोणतें गाणें कोणत्या तबकडीवरून आलें, त्याची नोंद राहिलेल्या प्रतीशीं जोडून ठेवावी. घराच्या वांटण्या करतांना जसे जुने कागद आधीं वाचतात व मगच फाडतात, तसेंच हें आहे.

एका घरांत दुबार असलेली वस्तु सबंध समाजांत दुबार असतेच असें नाहीं, ही गोष्ट याहून महत्त्वाची. इ. स. २००३ च्या जानेवारींत पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या कोठारास आग लागली आणि प्रभातसकट जुन्या काळच्या कित्येक चित्रपटांच्या ज्वालाग्राही फिती जळाल्या. ज्या चित्रपटांची प्रत अन्यत्र होती, ते चित्रपट राहिले. ज्यांची नव्हती, ते गेले. इ. स. २००८ मध्यें अमेरिकेंत हॉलीवुड येथील एका मोठ्या कंपनीच्या कोठारांत ध्वनिफितींचें असेंच भस्म झालें. एका घरांत तीच प्रत तीनदां ठेवण्यांत शहाणपण नाहीं. तीन घरांत एकेकदां ठेवण्यांत आहे. पहिल्या घरची आग तिसऱ्या घरापर्यंत पोंचत नाहीं.

अल्लादियाखांसाहेबांच्या शिष्येची एक हकीकत येथें सांगण्यासारखी आहे. गोव्यांतील केरी गांवीं इ. स. १८९२ मध्यें जन्मलेल्या केसरबाई आठव्या वर्षीं कोल्हापुरास आल्या आणि कांहीं महिने अब्दुल करीमखांपाशीं शिकल्या. पुढें इ. स. १९२१ च्या सुमारास अल्लादियाखांसाहेबांची तालीम त्यांना लाभली, ती खांसाहेबांच्या अखेरपर्यंत. ज्या गुरूचा आवाज कोणी टिपून ठेविला नाहीं, त्याच्या या शिष्येच्या भैरवींतील साडेतीन मिनिटांचें गाणें अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनीं पृथ्वीवरील निवडक ध्वनींत घेतलें आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर कोरून व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळांत पाठविलें. दुसरें यान २० ऑगस्ट १९७७ रोजीं सुटलें, पहिलें ५ सप्टेंबरला; आणि १६ सप्टेंबरला केसरबाई निवर्तल्या. आज दोन्ही यानें सूर्याच्या वाऱ्याचा पल्ला ओलांडून निरनिराळ्या दिशांनीं चाललीं आहेत.

त्या दोन यानांवर दोन निराळ्या तबकड्या नाहींत. एकीचीच दुसरी प्रत आहे. ती पाठवितांना कोणीहि तिला दुबार म्हटलें नाहीं. कोल्हापुरांतील ज्या घरीं रविवारीं संगणकापुढें बसून गाणीं निवडावयाचीं असतील, तेथें आधीं तीं ऐकलीं जावींत, आणि जी प्रत काढावयाची ती एखाद्या शेजाऱ्याला हवी आहे का, हें विचारलें जावें, एवढेंच मागणें.